लुना, ऊस आणि उलटा नट

मृगाचा पहिला पाऊस झाला की नगर जिल्ह्यात दोन आवाज सुरू होतात. एक बेडकांचा, दुसरा ग्रास कटरचा. बेडूक थोड्या दिवसांत दमतात. ग्रास कटर दिवाळीपर्यंत चालू असतो: बांधावर, डाळिंबाच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात, झेडपीच्या शाळेच्या मैदानावर आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या लग्नाच्या लॉन्समध्ये. दुकानदार त्याला ब्रश कटर म्हणतो, पावतीवरही तेच असतं, पण गावात ते ‘गवत कापायचं मशीन’. इंजिन पन्नास सीसीच्या आतलं, वजन माणसाच्या खांद्याला पेलेल एवढं. लहान आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग तारीख लिहून ठेवणारा शेतकरी या मशीनच्या टाकीत मागच्या वर्षीचं पेट्रोल तसंच ठेवतो. या मशीनचा खरा इतिहास आणि खऱ्या खोड्या मात्र ट्रॅक्टरपेक्षा मजेदार आहेत.

शोध गवताचा नव्हताच

गवत कापायच्या यंत्राचं पेटंट १८३० सालचं, इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग यांच्या नावावर. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर राहिलेले लोकरीचे केस सारखे करायला फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. बडिंगना वाटलं, हेच जमिनीवर चालवलं तर? याच गृहस्थांच्या नावावर मागंपुढं सरकणाऱ्या जबड्याचा पानाही सांगितला जातो. म्हणजे यंत्रही त्यांचंच आणि ते खोलायची सोयही त्यांचीच. (तरी ग्रास कटरच्या नटाला तो सरकता पाना लावू नये. नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी-हातोडीची वेळ येते. मशीनसोबत मिळालेला बॉक्स पाना नेमक्या मापाचा असतो. तो हरवला असेल तर आधी तो आणा.)

पुढं मोठ्या बागांमध्ये ही यंत्रं घोड्यांना जुंपली गेली. हिरवळीवर टापांचे खड्डे पडू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवत. १८९३ मध्ये लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या जेम्स सम्नर यांनी वाफेवर चालणारं गवत कापायचं यंत्र केलं. दीड टनाच्या आसपास वजन, आणि वाफ धरेपर्यंत माळी नुसता उभा! पण त्याच सम्नरांच्या उद्योगातून लेलँड मोटर्स उभी राहिली आणि तिचं नाव १९५५ मध्ये आपल्याकडच्या अशोक लेलँडला लागलं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला सुटली हे नगरकर कुणालाही ऐकवतात. ती गाडी बेडफर्डची होती. पण नंतर ज्या असंख्य लेलँड लाल गाड्यांत बसून आपण कॉलेज केलं, त्यांच्या वंशावळीत वर कुठंतरी एक गवत कापायचं मशीन आहे.

पेट्रोलवरचं पहिलं बाजारात विकलं गेलेलं यंत्र १९०२ चं, इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचं.

शेतात वैरी, मखरात मानकरी

इंग्रजी चित्रांतल्या हिरवळीचं कौतुक करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर जगभर जे बर्म्युडा ग्रास लावतात ते म्हणजे आपली हराळी. गणपतीला वाहायची दूर्वाही तीच. एकच वनस्पती: खुरपणाऱ्या बाईच्या शिव्या खाते, देवाच्या डोक्यावर बसते आणि लॉन्सवाल्याकडून पाणी-खत घेते.

नृत्यशिक्षकाचा डबा

नायलॉनच्या दोरीनं गवत कापायची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची, १९७१ सालची. ते बॉलरूम नृत्याचे वर्ग चालवत. गाडी धुवायच्या केंद्रात फिरणारे ब्रश पाहून त्यांना सुचलं. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, मासे धरायची नायलॉनची दोरी ओवली आणि डबा फिरवला. झाडाच्या बुंध्याला इजा न करता गवत साफ.

या दोरीचा खरा गुण म्हणजे ती तुटते. दगड लागला, तुटली, डोकं आपटलं की पुढची बाहेर आली. आपल्याकडच्या हिशेबी मंडळींना हे तुटणं सहन होत नाही. मग कुणी जीआय तार लावतं, कुणी मोटारसायकलच्या क्लचची जुनी वायर. हा उद्योग कुणी करत असेल तर त्याला तिथंच थांबवा. नायलॉन तुटलं तर मऊ तुकडा उडतो. वायर तुटली तर धातूचा तुकडा सुटतो, आणि तो कुठं जाईल हे मशीन चालवणारा ठरवत नाही. प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत धातूच्या तारेला स्पष्ट मनाई असते. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेलं नसतं.

वंदे भारतला मागं टाकणारं पातं

साधा गुणाकार करू. दहा इंची पातं, मिनिटाला सात हजार फेरे. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या पुढं जातो. साईनगर शिर्डीहून मुंबईला जाणारी वंदे भारत ज्या जास्तीत जास्त वेगासाठी बांधलीय तो ताशी १८०. म्हणजे आपल्या नडगीपासून हातभर अंतरावर, त्या गाडीला सहज मागं टाकणारी वस्तू फिरत असते, आणि पायात असते स्लीपर.

म्हणूनच पंधरा मीटरचा नियम आहे. मशीन चालू असताना चहूबाजूंनी पंधरा मीटरच्या आत कुणी येऊ द्यायचं नाही. चहा घेऊन आलेलं पोरही नाही. अकोले-संगमनेरच्या बाजूला, जिथं उसात बिबट्याचा वावर आहे, तिथं एकट्यानं बांधावर मशीन चालवणं बरं नव्हे, कारण कानात बोळे घातल्यावर मागून काय आलं ते कळत नाही. सोबतीला माणूस हवा. फक्त तोही पंधरा मीटर लांब हवा.

कानाचे बोळे मात्र सोडायचे नाहीत. हा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. पूर्ण चेहऱ्याची जाळी, तिच्या आत गॉगल, पायात गमबूट, फुलपँट. उपरणं, पदर, सैल नेहरू शर्ट यांना त्या दिवशी सुट्टी. गमबुटाचा दुसरा उपयोग पावसाळ्यात बांधावर वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे; घोणस मशीनच्या आवाजाला घाबरून सरळ रेषेत पळून जाईलच असं नाही.

लोखंडी पात्याची एक खोडी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. पात्यावर घड्याळाची तबकडी आहे असं समजा, बारा पुढच्या बाजूला. बारा ते तीन हा भाग, म्हणजे पुढचा उजवा कोपरा, दगडाला किंवा बाभळीच्या खुंटाला लागला की मशीन झटक्यात उजवीकडं फेकलं जातं, चालवणाऱ्यासकट. कापायचं ते डाव्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं झोका देत. त्यासाठी आधी रानातून एक चक्कर मारायची: दगड, तारा, बाटल्या आणि ठिबकच्या नळ्या बघून घ्यायच्या. ठिबकची लॅटरल कापली गेली तर जखम होत नाही, पण दिवसभर घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

उलटे आटे

आता ज्या नटामुळं गावोगावच्या पान्यांचे दांडे वाकले तो नट. पातं ज्या नटानं बसवलेलं असतं त्याचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात. नेहमीच्या सवयीनं सोडायला जाल तितका तो घट्ट होईल. घड्याळाच्या दिशेनं फिरवा, सुटेल. कारण सरळ आहे: साधे आटे असते तर पात्याच्या फिरण्यानं नट आपोआप सैल झाला असता. गिअरच्या डोक्याला एक भोक असतं, त्यात सोबत आलेली अॅलन की किंवा पिन अडकवली की शाफ्ट जागेवर थांबतो. पात्यावर पाय ठेवून नट सोडणारे शूर आहेत; त्यांच्या बुटाचे तळवे बघा.

पण नटाच्याही आधी एक काम. प्लगची टोपी काढायची. पात्याला, दोरीच्या डोक्याला, कशालाही हात लावण्याआधी. स्विच बंद असला म्हणून निर्धास्त होऊ नये. इंजिन गरम असेल आणि आतला पिस्टन हलला तर एखादा ठोका बसू शकतो. टोपी काढलेली असेल तर ठिणगीच नाही. या सगळ्या लेखातलं एकच वाक्य शेडच्या भिंतीवर खडूनं लिहायचं झालं तर मी हेच लिहीन.

पात्याला धार लावताना सगळ्या दातांना सारखी लावा. एका बाजूला जास्त घासलं गेलं की तोल जातो, मशीन थरथरतं आणि तासाभरानं बोटं बधिर होतात. तडा गेलेलं पातं वेल्डिंगवाल्याकडं न्यायचं नाही. ते भंगारात. गिअरच्या डोक्यातलं ग्रीस पंचवीसेक तास चालल्यावर तपासायचं असतं. सुकलं की डोकं तापतं, आतले दात खराब होतात आणि मग तो पार्ट मागवण्यात पावसाळा निघून जातो.

आणखी एक तपासणी, पैसे न लागणारी. मशीन चालू करून रेस सोडा. पातं थांबलं पाहिजे. रेस न देता फिरत राहिलं तर आयडल वाढलाय किंवा क्लचची स्प्रिंग गेलीय. तसं मशीन रानात न्यायचं नाही.

लुनाच्या गावाला टू-टी शिकवायचं?

नगरला टू-स्ट्रोक इंजिनाचं वेड जुनं. १९७२ मध्ये आलेली पन्नास सीसीची लुना मोपेड बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना इथलाच. फिरोदिया घराणंही नगरचंच. शिवाय व्हीआरडीई ही लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची संस्था नगरला, आणि रणगाड्यांचं संग्रहालयही. पेट्रोलमध्ये तेल टाकून बाटली हलवणारे मास्तर, पोस्टमन, दूधवाले या शहरानं पाहिलेत. तीच विद्या ग्रास कटरला लागते.

टू-स्ट्रोक ग्रास कटरच्या इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलसोबत जे तेल आत जातं तेच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण. मिनिटाला सात हजार फेरे म्हणजे सात हजार स्फोट, सेकंदाला शंभराहून जास्त. तेल नसेल तर काही मिनिटांत पिस्टन चिकटतो आणि गॅरेजवाला ‘सीझ झालं’ म्हणून हात वर करतो. प्रमाण मशीनवर लिहिलेलं असतं. एकास पंचवीस असेल तर लिटरला ४० मिली, एकास पन्नास असेल तर २० मिली. ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ हा आपला तुपाचा नियम इथं चालत नाही: जादा तेलाचा कार्बन होतो, सायलेन्सरची जाळी बुजते आणि इंजिन दम टाकतं. लुनाचा सायलेन्सर खोलून कार्बन खरवडलेल्यांना हे सांगायला नको. टू-टी तेलात मुद्दाम रंग घातलेला असतो, मिसळलेलं पेट्रोल आणि साधं पेट्रोल नजरेनं ओळखू यावं म्हणून. तरीही डब्यावर लिहा.

फोर-स्ट्रोकचं मशीन असेल तर उलट. पेट्रोल साधं, ऑइल वेगळं. पस्तीस सीसीच्या अशा इंजिनात ऑइल मावतं जेमतेम शंभर मिली, चहाच्या कपापेक्षा कमी. त्यातलं थोडं जरी जळालं तरी फरक पडतो, म्हणून रोज दोरी ओढण्याआधी ऑइलची काडी बघायची.

आपलाच ऊस, आपल्याच टाकीत

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला. तेव्हा उसाची साखर व्हायची. आता जिल्ह्यातल्या अनेक कारखान्यांत इथेनॉलही होतं आणि ते पेट्रोलमध्ये जातं. देशानं २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य आधी २०३० ला ठेवलं होतं. ते अलीकडं ओढून २०२५ मध्ये गाठलंही. म्हणजे बांधावरचं गवत कापताना टाकीत पाचवा हिस्सा उसाचा असू शकतो, कदाचित त्याच बांधाशेजारच्या उसाचा.

उसाला भाव मिळाला तर आनंदच. पण लहान इंजिनांच्या पुस्तिका वाचल्या तर अनेक कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. नवं मशीन घेताना ‘ई-ट्वेंटी चालतं का’ हे विचारा आणि उत्तर पुस्तिकेत दाखवायला सांगा.

इथेनॉलला पाण्याची ओढ असते. शाळेतल्या प्रयोगासारखं बघता येतं: काचेच्या नळीत थोडं पाणी, त्यावर पेट्रोल, हलवून ठेवलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालच्या थराची रेघ वर चढते. (उघड्यावर करा, आसपास विडी-काडी नको.) पावसाळ्यात अर्धी टाकी आणि सैल झाकण असलं की पुरेसं पाणी शिरल्यावर हेच टाकीत घडतं. पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो. ग्रास कटरचा फिल्टर नळीच्या टोकाला, तळावर लोळत असतो. म्हणजे इंजिन आधी तेच ओढतं. आणि टू-टी तेल बहुतेक वरच्या पेट्रोलसोबत राहिलेलं असतं.

दुसरी खोडी उन्हाळ्याची. गव्हाची सोंगणी मार्चमध्ये आटोपली की मशीन पत्र्याच्या शेडमध्ये टांगलं जातं. एप्रिल-मेच्या नगरी उन्हात पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याची चिकट राळ होते आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात. बहुतेक टू-स्ट्रोक कटरच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट नसतो, रबरी पडदा असतो. म्हणून तर मशीन आडवं-तिरपं धरलं तरी बंद पडत नाही. जुन्या पेट्रोलनं हा पडदा कडक होतो. मग जूनमध्ये दोरी ओढून खांदा निखळतो आणि दोष कंपनीला जातो.

उपाय फुकट आहे. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करायची आणि आतलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवायचं. मिसळलेलं पेट्रोल चार दिवसांत संपेल एवढंच करायचं.

काचेची बाटली आणि १९३४

पेट्रोलियम कायदा १९३४ चा. त्यात स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवायची मुभा आहे, आणि भांडं कसलं हवं तेही लिहिलंय: काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, बूच घट्ट. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली त्या यादीत नाही. तिला दुसराही धोका आहे. घरातली लहान पोरं ती बाटली ओळखतात.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरते. गरम सायलेन्सरवर सांडलं की संपलं. तेव्हा इंजिन बंद, दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, मग भरा. आणि भरलं तिथून तीन मीटर बाजूला जाऊन दोरी ओढा. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात मशीन ‘जरा चालवून बघू’ नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्लग बोलतो

प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर इंजिन खूश. काळा आणि ओला असेल तर तेल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर बुजलेला. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. हा सगळ्यांत वाईट. फटीचं माप साधारण ०.६ ते ०.७ मिमी. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुवायचा, सुकवायचा, बसवायचा. पेट्रोलनं धुणारे बरेच आहेत, त्याची गरज नाही.

गाजर गवत

गाजर गवताची, म्हणजेच काँग्रेस गवताची, नोंद आपल्याकडं पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास झाली. नायलॉन दोरीनं ते कापलं की त्याचा चुरा अंगावर उडतो आणि अनेकांना खाज, पुरळ उठतं. फुलं येण्याआधी कापा, बाह्या पूर्ण ठेवा.

लॉन्सवाल्यांसाठी

चाकांचं लॉनमोअर असेल तर दांड्यावर एक पट्टी असते, ती सोडली की पातं थांबतं. अमेरिकेत १९८२ पासून ढकलत चालवायच्या मशीनला हे बंधन आहे: हात सुटल्यापासून तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. आपल्याकडं लग्नाच्या सीझनमध्ये हात दुखतो म्हणून ती पट्टी सुतळीनं बांधून टाकलेली दिसते. सुतळी सोडा. आणि मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरेल.

पुढं काय

कॅलिफोर्नियात २०२४ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या लहान बागकाम-यंत्रांना धूर न सोडण्याचा नियम आला. त्याच वर्षी लुनाही विजेवर परत आली. आपल्याकडं बॅटरीवरचे कटर दुकानांत दिसू लागलेत. घराभोवतीच्या आवाराला ते पुरतात, दोन एकर घासाला अजून पेट्रोलच लागतं. बॅटरीच्या मशीनला प्लग नसतो, टू-टी नसतं, दोरी ओढावी लागत नाही. पण पात्याला हात लावण्याआधी त्याचीही बॅटरी काढून बाजूला ठेवायची असते.